दोन मार्कांचा प्रश्न

दसरा होऊन चार दिवस झाले होते. चिवड्याचे पोहे अंगणात उन्हाला घातले होते आणि चिमण्यांपासून त्यांची राखण करण्याचे काम, घरातला सर्वांत रिकामा माणूस म्हणून, माझ्याकडे आले होते. तेवढ्यात शेजारची मुलगी वही घेऊन आली. ती यंदा कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आहे. यवतमाळच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षे लोटली, पण इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगणे हा गल्लीतल्या मुलांच्या दृष्टीने माझा तहहयात हुद्दा आहे.

"आजोबा, लोन आणि क्रेडिट यांत फरक काय हो? दोन मार्कांना हमखास येतो."

मी चष्मा सारखा केला आणि सांगू लागलो. लोन म्हणजे ठरावीक रक्कम. ती एकदम हाती येते, पहिल्या दिवसापासून सगळ्या रकमेवर व्याज चढू लागते आणि ठरल्या हप्त्यांनी ती फेडायची असते. क्रेडिट म्हणजे एक मर्यादा. तिच्या आत लागेल तेव्हा, लागेल तेवढे उचलावे, भरावे, पुन्हा उचलावे. जेवढे उचलले तेवढ्यावरच व्याज. मुलीने भराभरा लिहून घेतले. दोन मार्क तिच्या पदरात पडल्यासारखेच होते.

ओट्यावर माझा बालमित्र बसला होता. राळेगाव तालुक्यात आमचे दोघांचे एकच गाव. मी शिकून मास्तर झालो, तो घरच्या वावरात राहिला. पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून कापसाची वेचणी सुरू करायची, याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. ती झाली आणि पहिला वेचा घरात आला, की त्यातला ओंजळभर कापूस तो दरवर्षी आमच्याकडे दिवाळीच्या वातींसाठी घेऊन येतो. त्या दिवशी त्यासाठीच आला होता. आमचे बोलणे त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाला,

"म्हंजे मास्तर, आपल्याले भेटते ते लोन, अन् भेटत नाही ते क्रेडिट. असंच ना?"

मुलगी खळखळून हसली. "हे पण लिहू का?" तिने विचारले.

"नको," मी म्हणालो, "मार्क जातील."

मुलगी गेली, मित्रही चहा घेऊन बाजाराच्या कामाला गेला. पण त्याचे ते वाक्य काही केल्या माझ्या मनातून जाईना. त्याला एक कारण होते. ते मी शेवटी सांगणार आहे, कारण ते सांगायला मला थोडे धैर्य गोळा करावे लागणार आहे.

आधी शब्दांकडे वळतो. ती माझी जुनी सवय आहे. हे दोन्ही शब्द आता इंग्रजी राहिलेले नाहीत. 'सोसायटीचं लोन काढलं', 'लोन थकलं', 'लोन पास झालं' ही वाक्ये शाळेचे तोंडही न पाहिलेली म्हातारी सहज बोलून जाते. क्रेडिट हा शब्द जरा उशिरा आला. १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड निघाले आणि तो वावरापर्यंत पोचला. पण गंमत अशी, की गावात शिरताना तो एक अर्थ घेऊन आला नाही, तीन घेऊन आला. कार्डावर त्याचा अर्थ उधारी. बँकेतून मोबाइलवर निरोप येतो, त्यात अमुक रक्कम क्रेडिट झाली म्हणजे जमा झाली. आणि डांबरी सडक झाली की दोन पुढारी तिचे क्रेडिट घ्यायला धावतात, तिथे त्याचा अर्थ श्रेय. उधारी, जमा आणि श्रेय! आपल्याकडे ही तीन वेगवेगळ्या घरांतली माणसे. इंग्रजीत ती एकाच छपराखाली कशी राहतात?

त्याचे उत्तर त्या शब्दाच्या जन्मात आहे. क्रेडिट हा मुळात लॅटिन. त्या भाषेतल्या ज्या धातूपासून तो निघाला, त्याचा अर्थ 'विश्वास ठेवणे' असा होतो. भाषाशास्त्रज्ञ त्याच्याही मागे गेले आणि त्यांना आढळले, की हा धातू आणि आपला 'श्रद्धा' हा शब्द एकाच पुरातन कुळातले आहेत. ज्या शब्दाला आपण देवघरात ठेवले, त्याची सख्खी बहीण बँकेच्या काउंटरवर बसली आहे! लोन या शब्दाचे कूळ असेच शोधत गेले, तर उत्तर युरोपातल्या जुन्या भाषांतून आपण 'सोडणे, मागे टाकणे' या अर्थाच्या धातूपर्यंत जातो. संस्कृतात त्याचे भावंड आहे 'रिच्'. त्यापासून 'रिक्त' म्हणजे रिकामे, आणि 'रिक्थ' म्हणजे कुणी मागे ठेवलेले द्रव्य, वारसा. एका शब्दाची बहीण श्रद्धा आणि दुसऱ्याची रिक्त, हे वाचले तेव्हा मला हसू आले आणि मग ते ओसरले.

शब्दाच्या जन्मावरून त्याचा आजचा अर्थ ठरत नाही, हे मी वर्गात मुलांना बजावून सांगत असे. तेव्हा त्या कुंडलीवर फार भिस्त ठेवू नये. परंतु तिने एक वाट दाखवली, तीवरून चार पावले चालून पाहायला हरकत नाही. लोन ही वस्तू आहे. ती मोजता येते, तिची पावती होते, फेडली की ती संपते. क्रेडिट मोजता येत नाही. ते दोन माणसांच्या मधे असते आणि फेडल्याने संपत नाही. उलट फेडावे तसे वाढत जाते. आपल्या पासबुकात आपण पैसे भरले की ते क्रेडिटच्या रकान्यात का लिहितात, असा प्रश्न मला लहानपणी पडत असे. भरले आम्ही, मग क्रेडिट कसले? आता उलगडा होतो. त्या क्षणी विश्वास आपण ठेवलेला असतो. आपली पुंजी आपण दुसऱ्याच्या हाती दिली, याची ती नोंद आहे. विश्वास ज्याने टाकला त्याचे नाव त्या रकान्यात!

हे एकदा ध्यानात आले आणि मी मित्राच्या वावराकडे नव्या नजरेने पाहू लागलो. त्याला क्रेडिट भेटत नाही, हे तो म्हणाला. पण तो ते किती देतो, याचा हिशेब कुणी ठेवला आहे का? मृग लागताच महागामोलाची सरकी तो मातीच्या हवाली करतो. मातीने त्याला कसलाही दस्तऐवज लिहून दिलेला नसतो. पुढे चार-पाच महिने डवरणी, निंदण, फवारणी. मग कापूस येतो, आणि तो गाडीत भरून नेल्यावर सुरू होते चुकाऱ्याची वाट. चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे. पण या शब्दात वाट पाहणेही मिसळलेले आहे, हे कापूसपट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. आजही खेडा खरेदीत 'माल आज, पैसे आठ दिवसांनी' हे घडतेच. त्या आठ दिवसांत सावकार कोण? कास्तकार! आणि ऋणको कोण? ज्याच्या हातात वजनकाटा आहे तो! पण त्या ऋणकोची पत कुणी तपासत नाही.

यावर कुणी म्हणेल, की जुने दिवस बरे होते, सावकार गावातच राहायचा, माणसे ओळखायचा. मला हे पटत नाही. तो ओळखायचा हे खरे, किंबहुना फारच ओळखायचा. घरात लग्न कुणाचे आहे, बैल कुणाचा मेला आहे, कुणाची कोणती शीर दाबली की तो अंगठा देईल, हे सारे त्याला ठाऊक असे. १९५१-५२ साली देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी झाली. तिचा अहवाल १९५४ साली आला, त्यात शेतकऱ्यांच्या कर्जापैकी शेकडा सत्तरच्या आसपास सावकारांचे आणि सहकारी संस्थांचे जेमतेम तीन टक्के निघाले. या सत्तर टक्क्यांत ओळख भरपूर होती. विश्वास किती होता ते गहाणखतांना विचारावे. ओळखणे आणि विश्वास ठेवणे यांत मोठे अंतर आहे.

ते अंतर बुजवावे म्हणून आपल्याकडे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यामागची मूळ कल्पना जर्मनीतली, आणि मला ती फार सुंदर वाटते. गरिबाजवळ तारण ठेवायला काही नसते. पण त्याला शेजारी असतात. तेव्हा शेजाऱ्यांनीच एकत्र यावे आणि एकाचे बुडाले तर सर्वांनी भरावे. त्या कायद्याने खेड्यातल्या संस्थांची जबाबदारी अमर्याद ठेवली होती. म्हणजे माझ्या शेजाऱ्याला कर्ज द्यावे असे मी म्हटले, तर माझे घरदारही त्या शब्दामागे उभे. आजच्या सोसायट्यांत तो नियम राहिलेला नाही, आणि सगळेच शेजारी काही संत नसतात, हेही अनुभवाला आले. पण त्या नियमाने एक गोष्ट स्पष्ट करून ठेवली होती. क्रेडिट देणाऱ्याचेही काहीतरी पणाला लागलेले असते.

आता शेजाऱ्याच्या जागी आकडा आला आहे. खेड्यापाड्यांतही हल्ली 'सिबिल किती?' असे विचारतात. ज्या संस्थेच्या नावावरून हा शब्द पडला ती २००० साली निघाली. तीनशे ते नऊशे यांच्या दरम्यानचा हा आकडा माणसाची पत सांगतो. त्याला सरसकट दूषण देण्यात अर्थ नाही. समोर हजार कर्जदार असलेला बँकेतला मुलगा प्रत्येकाच्या घरी जेवायला जाऊ शकत नाही. आणि आकडा निदान जात विचारत नाही, कुणाचा मेहुणा आहेस असेही विचारत नाही. मात्र हप्ता चुकला एवढे तो लक्षात ठेवतो, पाऊस चुकला होता हे तो विसरतो. माणूस काल कसा वागला हे आकडा सांगेल. उद्यावर मात्र कुणीतरी श्रद्धाच ठेवावी लागते.

आणि फेडणे अशक्य झाले की काय? तिथे आपण 'माफी' हा शब्द वापरतो. माफी गुन्ह्याला असते. पीक बुडाले, भाव पडला, यात गुन्हा कोणता? म्हणूनच शेतकरी चळवळीतल्या लोकांनी 'कर्जमुक्ती म्हणा' असा आग्रह धरला. २००८ सालच्या केंद्राच्या योजनेत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याचे थकित कर्ज सगळे माफ झाले आणि त्यावरच्याला बाकीची रक्कम भरल्यास काही भागाची सवलत मिळाली. आमच्याकडच्या कोरडवाहू मुलखात आठ एकरांचा धनीही गरीबच असतो, हे त्या पाच एकरांच्या रेघेला दिसले नाही. पुढे २०१७ सालच्या राज्याच्या योजनेच्या नावात 'सन्मान' हा शब्द आला आणि २०१९ सालच्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती'. सरकारही योग्य शब्द शोधत होते, असे दिसते. शब्द बदलला हे चांगले झाले. पण रक्कम कोरी झाल्यानंतर पुढल्या हंगामात दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, ते योजनेच्या नावावर ठरत नाही.

या संदर्भात मला नेहमी देहूचा तो प्रसंग आठवतो. तुकोबांचे घराणे महाजनकीचे. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते त्यांच्या घरात होती. परंपरा सांगते, की त्यांनी ती भावासोबत वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. आपण याला तुकोबांचा उदारपणा म्हणतो. मला वाटते, तुकोबांना स्वतःला तसे वाटले नसावे. दुसऱ्याच्या दारिद्र्यावर आपला हक्क सांगणारे कागद घरात ठेवायचे नाहीत, एवढेच त्यांनी ठरवले असेल. सुटला तो खताखाली सही करणारा, आणि खत जपणाराही सुटला. कुणी कुणाला माफ केले नाही.

दिवाळीच्या अंकात दुःखाचा विषय काढू नये, असा संकेत आहे. तरी यवतमाळ जिल्ह्यात बसून कर्जावर लिहायचे आणि चिलगव्हाणचे नाव घ्यायचे नाही, हे माझ्याच्याने होणार नाही. महागाव तालुक्यातल्या त्या गावच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी बायको आणि चार लेकरांसह जगाचा निरोप घेतला. त्या तारखेला आज अनेक जण एक दिवस उपास करतात. अशा बातम्यांमागची कारणे अनेक असतात, ती एका शब्दात कोंबू नयेत. पण बातमीतला कर्जाचा आकडा वाचून 'एवढ्याशा रकमेसाठी?' असे आपण पटकन म्हणतो, ते मला खटकते. आपण फक्त पहिल्या शब्दाचा आकडा वाचलेला असतो. दुसऱ्या शब्दाचे काय झाले होते, कुणाच्या ओट्यावरून तो माणूस मान खाली घालून परत गेला होता, ते बातमीत छापलेले नसते.

ओट्याचा उल्लेख आलाच आहे, तर आता माझी गोष्ट सांगून टाकतो.

२००४ सालचा पावसाळा. मृगाचा एक शिडकावा झाला, लोकांनी पेरले आणि पावसाने दडी मारली. माझ्या या मित्राची पेरणी मोडली आणि त्यातच त्याचा एक बैल गेला. नवी जोडी घ्यायला चाळीस हजार लागत होते. ते एक पतसंस्था द्यायला तयार होती, दोन पगारदार जामीनदार आणले तर. एक मिळाला होता. रात्री नऊच्या सुमारास तो माझ्याकडे आला. कागद पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला होता. "मास्तर, पैसे नको मले," तो म्हणाला, "फकस्त सही पाहिजे."

मी म्हणालो, उद्या सांगतो. रात्रभर मी विचार केला. मुलीचे लग्न ठरत होते. जामीन राहिल्यामुळे ज्यांच्या पगारातून वर्षानुवर्षे कपात झाली, असे दोन सहकारी माझ्या डोळ्यांसमोर होते. सकाळी मी पाच हजार रुपये पाकिटात घातले आणि त्याच्या हातात दिले. "व्याज नको," मी म्हणालो, "परत द्यायची घाईही करू नको." त्याने पिशवीकडे पाहिले, मग पाकिटाकडे पाहिले, आणि ते घेतले. नाही म्हटले असते तर मला वाईट वाटले असते, म्हणून घेतले. संक्रांत झाल्यावर त्याने पाच हजार आणून दिले, त्याच पाकिटात घालून. त्या साली त्याने जोडी घेतली नाही. लोकांचे बैल भाड्याने आणून वखरणी केली.

पुढे कितीतरी वर्षे मी ही गोष्ट माझ्या चांगुलपणाची म्हणून सांगत आलो. 'बिनव्याजी दिले हो, मैत्रीखातर!' परवा ओट्यावर त्याचे ते वाक्य ऐकले आणि माझ्या लक्षात आले, की ते पाच हजार देताना मला त्याच्यावर काडीचाही विश्वास ठेवावा लागला नव्हता. ते बुडाले असते तरी माझे काही अडणार नव्हते. जे बुडाले तरी चालते, ते कुणालाही देता येते. सही करायची तर मात्र मला त्याच्यावर भरवसा टाकावा लागला असता, कारण तिथे मी बुडू शकत होतो. मी त्याला लोन दिले. तो क्रेडिट मागायला आला होता.

मी सही करायलाच हवी होती, असे मी म्हणत नाही. मुलीच्या लग्नाच्या तोंडावर जामीन न राहणे हे पाप नव्हे, आणि जामिनापायी उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली आहेत. 'मला भीती वाटते रे' एवढे मी मित्राला सरळ सांगू शकलो असतो. त्या नकारातही एक प्रकारचा विश्वास असता. मी मात्र माझी भीती पाकिटात घालून तिला मदत असे नाव दिले, आणि त्या मदतीचे श्रेय घेत राहिलो. क्रेडिटचा तिसरा अर्थ!

आपल्या भाषेत 'ऋणानुबंध' असा एक शब्द आहे. इंग्रजीत त्याला जोड सापडेना म्हणून वर्गात मी कित्येकदा अडलो आहे. देणेघेणे असूनही, किंबहुना देणेघेणे असल्यामुळेच, माणसे एकमेकांशी बांधली जातात, असे हा शब्द म्हणतो. त्याने पाच हजार चोख परत केले त्या दिवशी आमच्यातला हिशेब संपला, आणि त्याबरोबर आणखीही काही सैल झाले. त्यानंतर त्याने माझ्याकडे कधी काही मागितले नाही. दरवर्षी वातींसाठी कापूस मात्र आणत राहिला.

त्या दिवशी बाजाराचे काम आटोपून तो संध्याकाळी पिशवी न्यायला पुन्हा आला. एस.टी.ला अवकाश होता. मी त्याला म्हटले, "यंदा तुझ्याकडे मूग झाला म्हणतोस?"

"झाला ना पोतंभर. कायले?"

"एक पायली पाठव. घरच्या मुगाची चव दुकानातल्याला नाही. पण आता पैसे देत नाही. पेन्शन येते ते दिवाळीतच उडते. संक्रांतीला देईन. उधार देशील?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. माझी पेन्शन किती आणि मुगाचा भाव काय, हे त्याला पक्के ठाऊक आहे. पोहे केव्हाच आत गेले होते, चिमण्या रिकाम्या अंगणात उगाच नाचत होत्या. मग त्याच्या मिशीखाली हसू फुटले.

"मास्तर," तो म्हणाला, "जामीन कोन राहीन तुले?"

"कुणी नाही."

"मंग लिहून ठिवू का?"

"लिहू नको. ध्यानात ठेव."

त्याने पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाशी जाऊन वळून म्हणाला, "एक पायलीनं काय हुईन? दोन धाडतो. संक्रांतीले मात्र याद ठिवजो."